आडवाटेच्या तारखा: घरात साजरे करण्याजोगे थोडे वेगळे दिवस

दिनविशेषांची कुठलीही यादी उघडली की एकेका तारखेला चार-पाच दिवस चिकटवलेले दिसतात. मोज्यांचा दिवस, उशीचा दिवस, मिशांचा दिवस. त्यातले पुष्कळसे कुणीतरी माल खपवायला किंवा नुसती गंमत म्हणून काढलेले असतात, आणि घरात ते "आज अमुक दिवस आहे बरं का" एवढ्या वाक्यावरच संपतात. म्हणून निवडताना एकच प्रश्न विचारावा: त्या दिवशी हातानं करण्यासारखं काय आहे, आणि ते त्याच तारखेला का करायचं? उत्तर चटकन सुचलं तर दिवस ठेवावा, नाहीतर खुशाल गाळावा.

वर्षाला सहा ते आठ दिवस पुरतात. त्याहून जास्त धरले की आदल्या संध्याकाळी सामान जमवणाऱ्याला कंटाळा येतो, आणि मुलांना वाट बघायला फुरसतच उरत नाही. खाली दिलेले दिवस या चाळणीतून टिकलेले आहेत. काहींवर मुद्दाम जास्त लिहिलं आहे, कारण त्यात करण्यासारखंही जास्त आहे आणि बिघडण्यासारखंही.

२२ जुलै, किंवा १४ मार्च

गणितातला 'पाय' ३.१४ नं सुरू होतो. अमेरिकेत तारीख लिहिताना महिना आधी येतो, म्हणून १४ मार्च हा पाय दिवस झाला. सॅन फ्रान्सिस्कोमधल्या एक्सप्लोरेटोरियम या विज्ञान संग्रहालयात लॅरी शॉ यांनी तो १९८८ मध्ये सुरू केला, आणि २०१९ मध्ये युनेस्कोनं हीच तारीख आंतरराष्ट्रीय गणित दिवस म्हणून जाहीर केली. पण दिवस आधी लिहिणाऱ्यांसाठी २२ जुलै जास्त चपखल आहे: २२/७. शिवाय ३.१४ ही किंमत खऱ्या पायपासून साधारण ०.००१६ नं चुकते, तर २२/७ ही ०.००१३ नं. जुलैचा दिवस मार्चपेक्षा जास्त अचूक आहे, तेव्हा माझं मत त्यालाच.

लहान मुलांसाठी परीघ भागिले व्यास एवढं पुरे. घरातली गोल झाकणं, ताटं, चाकं जमवा. लोकरीनं परीघ मोजू नका, ती ताणली जाते. कागदाची अरुंद पट्टी गुंडाळून जिथे टोक जुळतं तिथे खूण करा आणि पट्टी सरळ करून मोजा. व्यास मोजताना वस्तू दोन जाड पुस्तकांच्या मध्ये अलगद धरा आणि पुस्तकांमधलं अंतर मोजा, म्हणजे मध्यबिंदू शोधत बसावं लागत नाही. ५ सेंमीच्या झाकणावर व्यास मोजताना १ मिमीची चूक झाली तर उत्तर २ टक्क्यांनी हलतं. तीच चूक ३० सेंमीच्या ताटावर अर्धा टक्काही होत नाही. ताटाचं उत्तर झाकणापेक्षा चांगलं का आलं, हे मुलांनाच शोधू द्या.

आठ-दहा वर्षांच्या पुढच्यांसाठी खरी मजा काड्या टाकण्यात आहे. अठराव्या शतकात ब्युफाँ या फ्रेंच विद्वानानं मांडलेला हा प्रश्न आहे. दात कोरायच्या २० काड्या घ्या, दोन्ही टोकं कापून प्रत्येक काडी नेमकी ५ सेंमीची करा. मोठ्या कागदावर १० सेंमी अंतरानं समांतर रेघा मारा, म्हणजे काडीच्या लांबीच्या बरोबर दुप्पट अंतर. काड्या ओंजळीत हलवून साधारण अर्ध्या मीटरवरून सोडा आणि रेघेला किती काड्या टेकल्या ते मोजा. असं दहा वेळा करा. एकूण टाकलेल्या काड्या भागिले रेघेवर पडलेल्या काड्या, हाच पाय. गोल कुठेच नसताना पाय उगवतो, कारण पडणारी काडी कुठल्याही कोनात फिरलेली असू शकते. ते फिरणं म्हणजेच वर्तुळ.

इथे दोन गोष्टी आधीच सांगून ठेवा. एक, २०० काड्यांमध्ये उत्तर २.८ ते ३.५ यांच्यात कुठेही येऊ शकतं. तेवढ्यात साधारण ६४ काड्या रेघेवर पडायला हव्यात, आणि सहा-सात इकडेतिकडे होणं अगदी स्वाभाविक आहे. हे माहीत नसेल तर २.९ आल्यावर मुलं हिरमुसतात. घरातल्या पाच जणांचे आकडे एकत्र केले, म्हणजे १००० काड्या झाल्या, की उत्तर बहुतेक वेळा ३.० ते ३.३ मध्ये येतं. दोन, नियम आधी ठरवा: रेघेला नुसती टेकलेली काडी धरायची, कागदाबाहेर गेलेली टाकलेल्यांतही मोजायची नाही. वाद होतात ते इथेच. काड्या नेहमी एकाच दिशेनं पडत असतील तर त्या ओंजळीत नीट फिरत नाहीत. अशा वेळी डब्यात घालून हलवा.

विषुवदिन

२० किंवा २१ मार्च, आणि २२ किंवा २३ सप्टेंबर. या दिवशी सूर्य विषुववृत्तावर असतो, त्यामुळे भर मध्यान्हीची सावली थेट तुमचा अक्षांश सांगते. माझ्या मते वर्षातला हा सर्वांत मोलाचा दिवस. एक काठी आणि एक मोजपट्टी घेऊन पृथ्वीवरची आपली जागा काढता येते.

बरोबर १ मीटरची सरळ काठी सपाट जमिनीवर, ओल्या मातीच्या कुंडीत किंवा विटांच्या आधारानं उभी करा. ती उभी आहे का हे डोळ्यांनी ठरवू नका. दोऱ्याला जड नट बांधून ओळंबा करा आणि दोन बाजूंनी तपासा. काठी उत्तर-दक्षिण दिशेला १ अंश कलली की उत्तरही जवळपास तेवढंच चुकतं, आणि १ अंश म्हणजे जमिनीवर सुमारे १११ किलोमीटर. काठीची उंची जिथे सावली पडते त्या पातळीपासून मोजा. कुंडीच्या काठापासून मोजली तर सगळं गणित फसतं.

घड्याळातले बारा म्हणजे मध्यान्ह नव्हे. प्रमाणवेळेच्या रेखांशापासून जितके अंश दूर तितकी दर अंशाला ४ मिनिटं इकडेतिकडे होतात, शिवाय वर्षभरात सूर्य स्वतःही घड्याळापेक्षा साधारण पाव तासापर्यंत पुढेमागे चालतो. म्हणून स्थानिक मध्यान्हीच्या अंदाजाआधी पाऊण तासापासून दर पाच मिनिटांनी सावलीच्या टोकावर खूण करत जा, आणि नंतरही पाऊण तास चालू ठेवा. सर्वांत आखूड सावली घ्या. सावलीची लांबी भागिले काठीची उंची करा. उत्तर ०.३६ आलं तर अक्षांश २० अंश, ०.५८ तर ३०, ०.८४ तर ४०, १.१९ तर ५०. मधल्या किमतींसाठी कॅल्क्युलेटरवर टॅनचा उलटा बघा.

सावलीचं टोक धूसर दिसतं, कारण सूर्य बिंदू नाही, अर्धा अंश रुंद तबकडी आहे. धूसर भागाच्या मध्यावर खूण करायची, आणि खूण करणारी व्यक्ती शेवटपर्यंत एकच ठेवायची. प्रत्येकाचा 'मध्य' वेगळा असतो.

सगळ्या खुणा जोडल्यावर त्या दिवसाचं दुसरं बक्षीस हाती येतं. विषुवदिनी सावलीचं टोक जवळजवळ सरळ रेषेत चालतं, आणि ती रेषा पूर्व-पश्चिम असते. इतर दिवशी हीच रेषा वाकडी येते. जमिनीवर खडूनं ती ठेवून द्या, आणि तीन महिन्यांनी जून किंवा डिसेंबरच्या अयनदिनी, म्हणजे वर्षातल्या सर्वांत मोठ्या किंवा सर्वांत लहान दिवशी, त्याच जागी पुन्हा खुणा करा. ढग आले तर एक-दोन दिवस पुढे ढकलायला हरकत नाही. या काळात सूर्य रोज सुमारे ०.४ अंश सरकतो, तेवढी चूक उत्तरात धरायची.

कर्कवृत्त आणि मकरवृत्ताच्या दरम्यान राहणाऱ्यांना आणखी दोन तारखा मिळतात: शून्य सावलीचे दिवस, जेव्हा सूर्य बरोबर डोक्यावर येतो. तारीख प्रत्येक गावाच्या अक्षांशावर ठरते, त्यामुळे दुसऱ्या शहराची बातमीतली तारीख उचलू नका. सरळ बाजूंचा डबा किंवा नळीचा तुकडा उभा ठेवला तर एक-दोन मिनिटं सावली त्याच्या तळाखाली दडलेली दिसते. नळी जास्त चांगली, कारण त्या वेळी आतून खाली पडलेला उजेडाचा गोल पूर्ण होतो. नळीतून वर सूर्याकडे मात्र कुणीही बघायचं नाही. हे लहानांना आधी बजावा.

१३ ऑगस्ट

आंतरराष्ट्रीय डावखुरा दिन, १९७६ पासून. घरात कुणी डावखुरं असेल तर हा दिवस त्या व्यक्तीचा. उजव्या हाताच्या सगळ्यांनी तासभर डाव्या हातानं कामं करायची आणि शिकवायचं डावखुऱ्यानं. टिंगल कुणाची करायचीच असेल तर उजव्या हातवाल्यांची.

कात्रीपासून सुरुवात करा, गोल टोकाची. उजव्या हाताच्या कात्रीची वरची पात उजवीकडे असते. उजव्या हातानं दाबताना अंगठा आणि बोटं नकळत दोन्ही पाती एकमेकींवर घासत ठेवतात. तीच कात्री डाव्या हातात घेतली की तोच दाब पाती फाकवतो आणि कागद कापला न जाता मध्येच दुमडतो. शिवाय वरची पात कापायची रेघ झाकून टाकते. डावखुऱ्या मुलाला 'कापता येत नाही' असं म्हटलं जातं तेव्हा बहुतेक वेळा दोष कात्रीत असतो. खऱ्या डाव्या कात्रीत पातीच उलट बसवलेल्या असतात. नुसत्या मुठी बदललेली कात्री उपयोगाची नाही. विकत घेताना पाती बघा, मुठी नव्हे.

त्यानंतर घरभर फिरून उजव्या हातासाठी बनलेल्या वस्तू शोधा. स्क्रू घट्ट करायची दिशा (उजवा हात बाहेरच्या बाजूला जोरात पिळतो), पेन्सिलचं शार्पनर, मोजपट्टीवरचे आकडे, स्प्रिंगची वही, मापाच्या भांड्यावरच्या खुणा. पंचवीस वस्तू सहज निघतात. आणि एक छोटा चमत्कार: दोन्ही हातांत पेन्सिल धरून मध्यापासून दोन्ही बाजूंना एकाच वेळी स्वतःचं नाव लिहा. डावा हात आपोआप आरशातल्यासारखं उलटं लिहितो, आणि डोळे मिटले तर जास्तच सफाईनं.

सुरी, गरम भांडी, जिन्यावर काही उचलून नेणं हे मात्र या तासात नको.

३० जून

१९०८ मध्ये याच तारखेला सैबेरियातल्या तुंगुस्का भागावर आकाशात स्फोट झाला आणि सुमारे २००० चौरस किलोमीटर जंगल आडवं झालं. संयुक्त राष्ट्रांनी २०१६ मध्ये हा दिवस आंतरराष्ट्रीय लघुग्रह दिन म्हणून जाहीर केला.

खोल ट्रे किंवा बादली घ्या. तळाशी निदान ८ सेंमी कोरडी, चाळलेली, बारीक वाळू. थर पातळ असला तर गोटी तळाला आपटते आणि विवर चपटं होतं. ओली वाळू तर मुळीच चालत नाही, गोटी तिच्यात नुसतं भोक पाडते. वर रंगीत खडूच्या पुडीचा अगदी पातळ थर चाळणीनं पसरा, म्हणजे उडालेल्या वाळूचे किरण दिसतात. गोटी फेकायची नाही, सोडायची. आधी २५ सेंमीवरून, मग १ मीटरवरून, प्रत्येक उंचीवरून पाच वेळा, आणि दर वेळी वाळू उकरून सपाट करून. काठापासून काठापर्यंत विवराचा व्यास मोजा.

उंची चौपट केली तर विवरही चौपट होईल असं सगळे म्हणतात. प्रत्यक्षात ते साधारण १.४ पट होतं. कारण व्यास ऊर्जेच्या चौथ्या मुळाच्या प्रमाणात वाढतो, बरीचशी ऊर्जा वाळू ढकलण्यात आणि उचलण्यात जाते. हा अंदाज आधी कागदावर लिहून घ्या, नंतर कुणी बदलू नये म्हणून. शेवटी गोटी तिरकी सोडून बघा, विवर लांबट होतं. चंद्रावरची विवरं मात्र तिरक्या धडकेनंही बहुतेक गोलच झालेली आहेत, कारण तिथे वेग इतका जास्त असतो की धडकेचा स्फोटच होतो, आणि स्फोट चहूबाजूंना सारखा पसरतो. ट्रेमध्ये तो वेग मिळणं शक्य नाही. वाळू डोळ्यांत उडते, म्हणून चष्मे घाला आणि ट्रेवर वाकून बघू नका.

पटकन होणारे

४ जानेवारी, लुई ब्रेल यांचा जन्मदिवस (१८०९) आणि जागतिक ब्रेल दिन. जाडसर कार्डशीटवर सहा ठिपक्यांच्या चौकटीत प्रत्येकानं आपलं नाव टोचायचं. सगळ्यांची एकच चूक होते: टोचल्यावर उंचवटा मागच्या बाजूला येतो, म्हणून लिहिताना उजवीकडून डावीकडे आणि प्रत्येक अक्षर आरशात बघितल्यासारखं उलटं टोचावं लागतं. दोन ठिपक्यांत साधारण २.५ मिमी अंतर ठेवा. मुलं हौसेनं मोठं काढतात आणि मग एक अक्षर बोटाच्या टोकाखाली मावत नाही.

२६ मे, अमेरिकेत कागदी विमानांचा दिवस. दुमडण्याची पद्धत कुठलीही असो, नीट उडवणं शेपटीच्या कडांवर ठरतं. विमान नाक वर करून थबकत असेल तर पंखांच्या मागच्या कडा किंचित खाली वळवा, नाकावर आपटत असेल तर किंचित वर. किंचित म्हणजे २ मिमी. एका वेळी एकच बदल.

१ ऑक्टोबर, पोस्टकार्डाचा दिवस. १८६९ मध्ये याच तारखेला ऑस्ट्रिया-हंगेरीत पहिलं अधिकृत पोस्टकार्ड निघालं. घरातल्या प्रत्येकानं घरातल्याच दुसऱ्या कुणाला तरी एक कार्ड पाठवायचं, पत्ता पूर्ण लिहून. तिकीट लावायला विसरू नका.

२१ नोव्हेंबर, जागतिक हॅलो दिन, १९७३ च्या अरब-इस्रायल युद्धानंतर सुरू झालेला. दहा जणांशी आपणहून बोलायचं. बुजऱ्या मुलाला आकडा तीनवर आणा आणि फोन चालेल म्हणा.

१३ आणि १४ डिसेंबरच्या रात्री जेमिनिड उल्कावर्षाव. ऑगस्टमधल्या पर्सिडसाठी मध्यरात्रीनंतर जागावं लागतं, पण जेमिनिड उत्तर गोलार्धात रात्री नऊ-दहापासूनच दिसू लागतात, म्हणून मुलांसाठी हेच बरे. दुर्बीण नको, तिनं आकाशाचा तुकडाच दिसतो. सतरंजीवर उताणं पडा, डोळ्यांना अंधाराची सवय व्हायला २० ते ३० मिनिटं द्या. एकानं फोन उघडला की सगळ्यांची ती मिनिटं वाया जातात. टॉर्चला लाल जिलेटिन लावा. चंद्र किती मोठा आहे ते आधी पंचांगात बघा. पौर्णिमेच्या आसपास असेल तर त्या वर्षी अपेक्षा कमीच ठेवा.

घरच्या माणसांविषयी

आकाशाचे दिवस एक-दोन दिवसांपलीकडे हलवता येत नाहीत, बाकीचे जवळच्या सुट्टीला न्यायला काहीच हरकत नाही. २२ जुलै मंगळवारी आला म्हणून घाईघाईत रात्री काड्या टाकण्यापेक्षा रविवार बरा. वेळ एक तासावर तोडा, मुलं "अजून" म्हणत असतानाच. किशोरवयीन मुलांना भाग घ्यायला सांगितलं तर ती खोलीत जातात, पण वेळ पाळायला, नोंदी करायला किंवा नियमांचा पंच व्हायला सांगितलं तर टिकतात. आजी-आजोबांना बसून करण्याजोगं आणि खरोखर गरजेचं काम द्या: काड्या मोजणं, ओळंबा पाहणं. नुसतं बघत बसवू नका.

एक वही ठेवा. प्रत्येक दिवसाला एक पान: तारीख, आकडे, काय बिघडलं. आकडे लिहिलेले असले की पुढच्या वर्षी त्यांच्याशी झुंजता येतं.

२९ फेब्रुवारी

पृथ्वीला सूर्याभोवती फिरायला सुमारे ३६५.२४२२ दिवस लागतात, म्हणून चार वर्षांनी हा दिवस जोडला जातो. पण वरचा भाग पाव दिवसापेक्षा किंचित कमी आहे, म्हणून काही शतकवर्षांत तो गाळला जातो: २००० हे लीप वर्ष होतं, १९०० नव्हतं आणि २१०० नसेल. पुढचा २९ फेब्रुवारी २०२८ मध्ये. त्या दिवशी एक डबा बंद करायचा आणि २०३२ च्या २९ फेब्रुवारीलाच उघडायचा.

डबा जमिनीत पुरू नका, चार पावसाळे-हिवाळ्यांत ओल आत शिरतेच. कपाटाच्या वरच्या फळीवर ठेवा. लिहायला पेन्सिल सर्वांत खात्रीची. खोडता येणारी जेलची शाई उष्णतेनं नाहीशी होते, दुकानाच्या पावत्यांचा कागद कोरा पडतो, चिकटपट्टी पिवळी होऊन कागदाला डाग देते. त्यात रबर बँड, बॅटरी असलेली खेळणी आणि खायचं काही ठेवू नका. प्रत्येकानं पुढच्या चार वर्षांबद्दल तीन अंदाज लिहावेत, पण तपासता येतील असे: "माझी उंची दादापेक्षा जास्त असेल" चालेल, "मी आनंदी असेन" यातून नंतर काहीच ठरवता येत नाही. उघडायची तारीख डब्यावर मोठ्या अक्षरांत लिहा आणि दोन वेगवेगळ्या माणसांच्या कॅलेंडरमध्ये नोंदवा, कारण चार वर्षांत फोन बदलतात.

ज्यांना अजून लिहिता येत नाही त्यांचा तळहात कागदावर ठेवून भोवती पेन्सिल फिरवा, मोठ्यांचाही. कागदाचा अर्धा भाग कोरा सोडा. २०३२ चा हात तिथेच, शेजारी काढायचा आहे.